एक लाख दहा हजारांचा कागद आणि आईचे दात

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी लोकमान्य नगरात राहते. सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. पगार १९,५००, त्यातून पी.एफ. आणि ई.एस.आय. कापलं जातं. यजमानांचं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. बाबा गेल्यापासून आई (वय ६७) माझ्याकडेच असते; भाऊ पुण्यात नोकरीला. आईला बरीच वर्षं शुगर आहे, बी.पी.ची गोळी चालू आहे आणि रक्त पातळ राहायची एक छोटी गोळी. मागच्या वेळी तीन महिन्यांची शुगर (एच.बी.ए.१.सी.) ८.९ आली होती.

गेल्या महिन्यात एका रात्री तिची उजवीकडची खालची दाढ इतकी ठणकली की घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. त्यांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या आणि खर्चाचा कागद हातात ठेवला. त्याचा फोटो सोबत पाठवते. एकूण १,१०,००० रुपये. महिनाअखेरपर्यंत एकरकमी भरले तर १० टक्के सूट, नाहीतर बारा हप्ते, बिनव्याजी. गोळ्यांनी दुखणं थांबलंय. आई म्हणते, ‘एवढे पैसे कशाला घालवता? सगळे काढून टाका आणि कवळी बसवा, मी मोकळी होईन.’ भाऊसुद्धा फोनवर तेच म्हणतो. शेजारच्या काकू म्हणतात, सफाई तर मुळीच करू नका, दात हलायला लागतात. माझ्या मुलाच्या (वय ८) मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसतो, पण तो दुधाचा दात असेल, पडेलच. माझ्याही हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं, ते राहू दे. मला एवढंच सांगा, हप्त्यांवर पैसे उचलू की आईचं ऐकू?

— एक वाचक, इंदूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

हप्त्यांवर एक लाख दहा हजार उचलू नका, आणि आईंचे सगळे दातही काढू नका. तुमच्या पत्रापेक्षा तुम्ही पाठवलेला कागद मी जास्त वेळ वाचला. त्यात आजच करायचं काम, दोन महिन्यांनी चालेल असं काम आणि आईंना अजिबात नको असलेलं काम एकाखाली एक लिहून खाली एकच बेरीज मारली आहे. ती बेरीज बघून कोणीही घाबरेल. आपण ती सोडवू.

प्रत्येक कामापुढे दोन आकडी नंबर आहे तो दाताचा. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो: १ म्हणजे वर उजवीकडे, २ वर डावीकडे, ३ खाली डावीकडे, ४ खाली उजवीकडे. उजवं-डावं आईंचं धरायचं, समोर बसलेल्या माणसाचं नाही. दुसरा आकडा मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजत जायचा. म्हणजे ४६ ही खाली उजवीकडची पहिली मोठी दाढ, रात्री ठणकली ती. एवढं कळलं की आईंना खिडकीपाशी उजेडात बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि कागद हातात घेऊन एकेक दात बघा. पुढच्या भेटीत डॉक्टर काय बोलतात ते तुम्हाला निम्मं आधीच कळलेलं असेल.

आता ४६. कागदावर रूट कॅनालचे ५,००० आणि झिर्कोनियाच्या, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या कॅपचे ९,००० लिहिले आहेत. रात्री आपोआप सुरू होणारा, गरम प्यायलं की वाढणारा आणि तासन् तास न थांबणारा ठणका म्हणजे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली. अशी नस फिलिंग करून पूर्ववत होत नाही. दुखणं थांबलंय असं तुम्ही सुटकेने लिहिलंय, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. बहुतेक वेळा नस मेली की दुखणं थांबतं आणि मग जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. शुगर असलेल्या माणसात ही सूज वेगाने पसरू शकते. म्हणून हे काम याच आठवड्यात सुरू करा. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट पुढच्या ठणक्यासाठी जपून ठेवू नका: अँटिबायोटिकने दाढेतली कीड बरी होत नाही, आणि शुगर-बी.पी. असताना दुखण्याच्या गोळ्या मनाने घेत राहणं मूत्रपिंडाला बाधतं. ठणक्यावर लवंगेचं तेल लावायचंच झालं तर कापसाला थेंबभर, तेही फक्त दाताला. ॲस्पिरिनची गोळी हिरडीपाशी दाबून ठेवायची जुनी सवय काही घरांत अजून आहे; तिने हिरडी भाजते. आणि गालावर किंवा जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप चढला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री एम.वाय.च्या, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, तातडीच्या विभागात घेऊन जा.

१७, म्हणजे वर उजवीकडची मागची दाढ, हलते आहे आणि ती काढायची आहे, १,५०० रुपये. चार दिशांना हलणारी दाढ वाचवायला पैसे घालण्यात अर्थ नसतो, काढून टाका. वरची दाढ काढली की नजर जाते असं आईंना कोणी सांगितलं असेल तर त्यांना सांगा की डोळ्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी. रक्त पातळ राहायच्या गोळीचं मात्र लक्षात ठेवा. ती स्वतःहून बंद करू नका आणि कोणा कंपाउंडरच्या सांगण्यावरूनही नाही. दात काढणाऱ्या डॉक्टरांना तिचं नाव दाखवा. बहुतेकदा ती चालू ठेवूनच दात काढता येतो, आणि बदल करायचाच असेल तर तो ज्यांनी ती गोळी लिहिली त्यांनी करायचा. त्या दिवशी आईंनी नेहमीसारखी शुगरची गोळी आणि नाश्ता घेऊन यायचं, सकाळची वेळ घ्यायची. उपाशीपोटी खुर्चीत बसवून चक्कर आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

इथे एक प्रश्न तुम्ही विचारला पाहिजे. वर उजवीकडे १६ आधीच गेलेली आहे (तिच्या जागी कागदात इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून बसवायचा दात लिहिलाय, त्याचं पुढे बोलू), १७ आता जाणार. मग खाली ४६ वर नऊ हजारांची कॅप बसवल्यावर ती चावणार कशावर? वरच्या बाजूला काही बसवणार असाल तरच त्या कॅपचं सार्थक. आईंसाठी मी वरच्या दोन दाढांची काढता-घालता येणारी छोटी प्लेट सुचवेन. ती इम्प्लांटच्या मानाने फार स्वस्त पडते आणि जमली नाही तर मोठं नुकसान होत नाही. ४६ वर झिर्कोनियाच हवी असंही नाही. इतकी मागची दाढ हसताना दिसत नाही, तिला साधी धातूची कॅप चालते. उलट तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते. मग ४६ काढूनच टाकली तर? पैशाची फारच ओढ असेल तर तेही चुकीचं नाही. पण खालच्या जबड्यात मागे आधाराला दात नसला की खालची प्लेट नीट बसत नाही, उचलली जाते, टोचते. म्हणून शक्य असेल तोवर खालची दाढ राखावी.

३६ कडे बघा, कारण आईंच्या तोंडातला आज सगळ्यात मोलाचा दात तो आहे. डावीकडे वर २६ शाबूत आहे, म्हणजे पोळी-भाकरी त्या चावतात ती या दोन दाढांवर. कागदात ३६ पुढेही रूट कॅनाल आणि कॅप मिळून १४,००० लिहिले आहेत, पण ती दाढ दुखल्याचं तुमच्या पत्रात कुठे नाही. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर कीड नसेपर्यंत गेली की तिच्या जवळ थांबली हे नेमकं सांगता येत नाही. त्या एका दाताचा छोटा एक्स-रे काढायला सांगा, आणि दाताला गार बोळा लावून नस जिवंत आहे का ते तपासायला सांगा. गार लागलं आणि बोळा काढताच कळ थांबली, तर कीड काढून फिलिंगवर भागण्याची चांगली शक्यता आहे. रूट कॅनाल लागलंच तर करा, पण ही दाढ पुढे ढकलू नका. ती गेली तर डावी बाजूही गेली.

सफाईबद्दल शेजारच्या काकूंचं ऐकू नका. दातांच्या मुळाशी साचलेलं कीटण हिरडीला सुजवतं, सुजलेल्या हिरडीखालचं हाड हळूहळू झिजतं आणि त्यामुळे दात हलतात. कीटण काढल्यावर सूज उतरते, फटी दिसायला लागतात, चार दिवस गार झोंबतं, आणि लोकांना वाटतं सफाईने दात सैल झाले. ते आधीच सैल झालेले असतात, कीटणामुळे कळत नव्हते. आईंच्या बाबतीत तर हे काम रूट कॅनालच्या बरोबरीने करा. शुगर जास्त असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की शुगर आवरत नाही. हिरड्यांचे उपचार झाले की तीन महिन्यांची शुगरही थोडी, पण मोजता येईल इतकी खाली येते. कागदावर खोल सफाईचे चारही भागांचे मिळून ८,००० आहेत. डॉक्टरांना विचारा की हिरडीची खोली मोजली का. बारीक खुणांच्या सळईने प्रत्येक दाताभोवती ती मिलिमीटरमध्ये मोजतात. तीनपर्यंत ठीक, चार-पाचच्या पुढे खोल सफाई लागते. मोजल्यावर कदाचित दोनच भागांना खोल सफाई लागेल आणि बाकीच्यांना साधी पुरेल. बी.पी.च्या गोळीचं नावही दाखवा. ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या फुगतात, मग गोळी बदलायची का ते तुमचे नेहमीचे डॉक्टर ठरवतील.

२४ आणि २५ मध्ये हिरडीलगत खाचा पडल्या आहेत, त्यांच्या फिलिंगचे ३,०००. आई लाल मंजन वापरतात का? बोटाने आडवं, जोर लावून? अशा खाचा बहुधा त्यानेच पडतात. खरखरीत मंजन रोज घासून दाताचं मूळ झिजतं. मंजन चालूच राहिलं तर आज भरलेलं फिलिंग वर्षभरात निघेल, म्हणून आधी मंजन बंद आणि मग फिलिंग. दोन महिन्यांनी केलं तरी बिघडत नाही.

आता उरलेलं. दात पांढरे करण्याचे ९,०००. यावर काट मारा. ६७ व्या वर्षी, हिरड्या सुजलेल्या असताना, मुळं उघडी पडलेली असताना ब्लीच लावलं तर आईंना फक्त झोंबेल. हे कागदावर आलंच कसं हे मला कळत नाही. आणि दोन इम्प्लांटचे ६०,०००, एक १६ च्या जागी आणि एक ३७ च्या. ३७ ही खाली डावीकडची मागची दाढ आहे. पुढची ३६ शाबूत असेल तर तिच्या मागची दाढ नसल्याने आईंचं खाणं अडत नाही. कित्येक म्हातारी माणसं मागच्या दाढांशिवाय व्यवस्थित जेवतात. ती जागा तशीच राहू द्या. १६ च्या जागी प्लेट. पुढे शुगर सातच्या आसपास स्थिरावली, हिरड्या सुधारल्या, हातात पैसे आले आणि आईंना प्लेटचा कंटाळा आला, तर इम्प्लांटचा विचार तेव्हा करता येईल. टायटॅनियमचा स्क्रू हाडात घट्ट व्हायला तसेही तीन ते सहा महिने लागतात, आणि शुगर ८.९ असताना त्याची घाई करू नये.

म्हणजे ६९,००० रुपये आजच बाजूला झाले. उरले ४१,०००. त्यातले एक्स-रेचे ५०० तुम्ही भरलेत. लगेच करायची कामं, म्हणजे ४६ चं रूट कॅनाल, १७ काढणं आणि सफाई, याच क्लिनिकच्या दराने १४,५००. बाकीचं पुढच्या पाच-सहा महिन्यांत, एकेक.

आईंचं ‘सगळे काढून टाका’ हे मी हलक्यात घेत नाही. लेकीच्या संसारावर भार नको म्हणून बोलतायत त्या. त्यांना शांतपणे समजवा की दात काढले की खालचं हाड आयुष्यभर झिजत राहतं. वरची कवळी टाळूला धरून बसते, खालच्या कवळीला धरायला जागाच नसते. जीभ हलली की ती हलते. कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या मानाने फारच कमी उरतो. भुईमुगाचे दाणे, काकडी, कडक भाकरी बंद होते, माणूस खिचडी आणि चहात बुडवलेल्या टोस्टवर येतो, आणि शुगरच्या माणसाला ते खाणं बाधतं. त्यांना म्हणा, तुमचे दात राखण्यातच आमचा खर्च वाचतो. हे खरंच आहे.

आता हे सगळं कुठे करायचं. तुमच्या पगारातून ई.एस.आय.चे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे ०.७५ टक्के, म्हणजे दरमहा साधारण १४६ रुपये कापले जातात, आणि मालक ३.२५ टक्के वेगळे भरतो. इतके दिवस पैसे भरून तुम्ही ई.एस.आय.चा दवाखाना वापरलेला दिसत नाही. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांसाठीच ही योजना आहे आणि नंदानगरला तिचं मोठं रुग्णालय आहे. तुमच्यावर अवलंबून असलेली आई, तिचं स्वतःचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर, यात बसते. ऑफिसातल्या ज्यांच्याकडे हे काम असतं त्यांना सांगून आईंचं आणि मुलाचं नाव तुमच्या कार्डावर चढवून घ्या, आधार कार्ड लागेल. दात काढणं, सफाई, फिलिंग यांची आधी तिथे चौकशी करा, आणि रूट कॅनाल, कॅप, प्लेट यातलं काय मिळतं तेही तिथेच विचारून घ्या.

जे तिथे होणार नाही त्यासाठी एम.वाय.जवळचं शासकीय दंत महाविद्यालय. १९६१ पासून चालू आहे. तिथे खासगीच्या मानाने अगदी नाममात्र पैसे लागतात. खिडकीवर पर्ची काढली की आधी तपासणीच्या विभागात पाठवतात, तिथून एक्स-रे, मग ज्या दाताला जे हवं त्या विभागात: रूट कॅनालचा वेगळा, हिरड्यांचा वेगळा, काढण्याचा वेगळा, कवळी-प्लेटचा वेगळा. काम शिकणारी मुलं-मुली करतात. लोक इथेच बिचकतात. पण प्रत्येक टप्प्यावर सर किंवा मॅडम येऊन बघतात, पसंत पडलं नाही तर पुन्हा करायला लावतात. घाईच्या क्लिनिकमध्ये एवढं बारकाईने बघायला कोणाला वेळ असतो? खर्च होतो तो वेळेचा. एका रूट कॅनालला चार खेपा होऊ शकतात, प्लेटला त्याहून जास्त. सकाळी लवकर पोहोचा, पहिल्या दिवशी यजमानांना सोबत न्या, नंतरच्या खेपांना आई रिक्षाने एकट्या जाऊ शकत असतील तर तुमच्या रजा वाचतील. उज्जैन रोडवरच्या अरविंदोसारखी खासगी दंत महाविद्यालयंही आहेत, तिथले दरही क्लिनिकपेक्षा कमी असतात. तुम्हाला मात्र अरविंदो लांब पडेल.

४६ चं काम याच आठवड्यात व्हायचंय आणि सरकारी ठिकाणी तारीख उशिराची मिळाली, तर तेवढं एक काम क्लिनिकमध्येच करा. काही हरकत नाही. कॅप नंतर. पण काम सुरू करण्यापूर्वी विचारा की या दाढेत किती नळ्या आहेत (बहुधा तीन, कधी चार), दाताभोवती रबराची शीट लावणार का, आणि संपल्यावर एक्स-रे दाखवणार का. त्या शेवटच्या एक्स-रेमध्ये नळ्यांतलं पांढरं भराव मुळाच्या टोकापर्यंत गेलेलं दिसायला हवं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डॉक्टर बी.डी.एस. किंवा एम.डी.एस. आहेत आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर किंवा पर्चीवर आहे, हेही बघा. हे प्रश्न विचारल्यावर चांगला डॉक्टर रागावत नाही.

पैशांचं. ‘बिनव्याजी’ हप्ते म्हणताय, पण एकरकमी दिले तर १० टक्के सूट आहे, म्हणजे हप्ते घेणाऱ्याला तेच काम ११,००० रुपयांनी महाग पडतं. शिवाय हे हप्ते बहुतेकदा क्लिनिकचे नसतात, फायनान्स कंपनीचे असतात: तुमच्या नावावर कर्ज चढतं, आणि उपचार अर्धवट राहिले तरी हप्ते चालू राहतात. महिनाअखेरच्या सवलतीसाठी धावू नका. ज्या दाताचं काम झालं त्याचे पैसे त्या दिवशी द्यायचे, हेच बरं. बिल दाताच्या नंबरासकट घ्या. आजारावरच्या दंतोपचारांवर जी.एस.टी. लागत नाही, कोणी रूट कॅनालवर लावला तर का ते विचारा. आरोग्य विमा असला तरी दातांचा खर्च त्यात सहसा धरत नाहीत, अपघात सोडून, त्यामुळे आता घाईने पॉलिसी घेऊन या कामाला उपयोग नाही. आयुष्मान कार्ड ७० वर्षांवरच्या सगळ्यांना मिळतं, पण ते भरती होऊन करायच्या उपचारांसाठी. फिलिंग आणि प्लेटची आशा त्यावर ठेवू नका.

भावाला मात्र फोन करा, आणि सल्ला विचारायला नको, वाटा मागायला करा. तुम्ही आईंना सांभाळताय, त्याने दात सांभाळावेत. तो जुन्या कररचनेने इन्कम टॅक्स भरत असेल आणि आईंच्या नावावर आरोग्य विमा नसेल, तर साठीपुढच्या आईवडिलांच्या औषधपाण्यावर केलेल्या खर्चाची वर्षाला ५०,००० पर्यंतची वजावट त्याला मिळू शकते. अट एवढीच की पैसे रोखीने द्यायचे नाहीत. त्याने यू.पी.आय.ने थेट क्लिनिकला द्यावेत आणि बिल जपावं. त्याच्या सी.ए.ला विचारून हे पक्कं करा. तुमच्या पगारावर टॅक्सच लागत नाही, म्हणून हे पैसे त्याच्या खात्यातून जाण्यातच फायदा आहे.

मुलाकडे आजच बघा. मघाचंच मोजणं त्याच्या तोंडात करा: मधल्या दातापासून मागे मोजत जाऊन काळा ठिपका सहाव्या दातावर आला, तर तो दुधाचा नाही. ती पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास ती दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते, त्यामुळे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. तीच दाढ त्याला म्हातारपणापर्यंत पुरवायची आहे. ठिपका लहान असताना छोट्या फिलिंगवर किंवा खाचा बुजवण्यावर भागतं. आईंची ४६ हीच दाढ आहे, तिची कीडही कधीतरी अशाच ठिपक्यापासून सुरू झाली असेल. त्याला आईंबरोबरच न्या, महाविद्यालयात मुलांचा वेगळा विभाग असतो.

घरात फार काही बदलायचं नाही. सकाळी पोह्यांबरोबर जलेबी खाल्ली तर खाल्ली. ती एकदाच होते आणि तोंडातली लाळ अर्ध्या-पाऊण तासात दाताची डागडुजी करते. दिवसभर थोडं थोडं गोड तोंडात जात राहिलं, बिस्किटं, टॉफी, घोट घोट गोड चहा, तर ती डागडुजी होतच नाही. त्याहून वाईट म्हणजे शनिवारी रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात जायचं, रबडी-मालपुआ खायचा आणि घरी येऊन तसंच झोपायचं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि ते गोड रात्रभर दातावर बसतं. सराफा सोडा असं मी इंदूरच्या माणसाला कशी सांगू? आल्यावर ब्रश करूनच झोपा. सगळ्यांना मऊ ब्रश, फ्लोराइडची साधी पेस्ट वाटाण्याएवढी, दोन मिनिटं, ब्रशचे केस हिरडी आणि दात मिळतात तिथे तिरपे टेकवून हलक्या हाताने. थुंकायचं, पण नंतर खळाळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. आईंचं तोंड गोळ्यांनी कोरडं पडत असेल तर पाण्याचा तांब्या उशाशी. प्लेट आली की रात्री काढून पाण्यात ठेवायची.

आणि ‘ते राहू दे’ असं जे तुम्ही तुमच्या हिरड्यांबद्दल लिहिलंत, ते मी राहू देणार नाही. रक्त येतं म्हणून बायका तिथे ब्रश लावायचाच सोडतात, मग कीटण वाढतं आणि रक्तही. जिथे रक्त येतं तिथेच, हलक्या हाताने, रोज दोनदा. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर कीटण हिरडीखाली गेलंय आणि सफाई लागेल. ई.एस.आय.चं कार्ड तुमच्याच नावाचं आहे. नंदानगरला जाल त्या दिवशी आईंबरोबर तुमचीही पर्ची काढा.